उतू गेलेली बाटली : रानमध आणि जिवाणू

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं लेखी रूप)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण आज इथे जमलो आहोत, ते आम्हाला आठवीत विज्ञान शिकवायचे. शाळा घाटमाथ्यावरची. प्रयोगशाळा म्हणजे एक लाकडी कपाट आणि त्यात मावेल तेवढं विज्ञान. एका चैत्रात सरांनी रानातून आलेला आग्या मोहोळाचा मध एका बाटलीत भरला, वर घट्ट बूच बसवलं आणि ती बाटली त्या कपाटात ठेवली. मग आम्हाला म्हणाले, "दूध संध्याकाळपर्यंत नासतं. भात दुसऱ्या दिवशी विटतो. गुळालासुद्धा पावसाळ्यात पाझर फुटतो. मधाचं काय होईल?" आम्ही एका सुरात ओरडलो, "मध नासत नाही, सर!" घरोघरी तेच ऐकलेलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली. कपाट उघडलं तर बूच उडालेलं, फळीवर फेस वाळलेला, सगळीकडे आंबूस वास आणि मुंग्यांची रांग थेट बेडूक ठेवलेल्या बरणीपर्यंत. आम्हाला वाटलं, सर आता ओशाळतील. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर दोन प्रश्न लिहिले. मध का टिकतो? हा मध का टिकला नाही? आणि म्हणाले, "दुसऱ्याचं उत्तर आल्याशिवाय पहिल्याचं उत्तर पूर्ण झालं असं समजू नका."

पुढे मी सूक्ष्मजीवशास्त्राकडे वळलो, त्यात त्या बाटलीचा वाटा मोठा. आजचं व्याख्यान म्हणजे तेव्हाचा गृहपाठ आहे. जमा करायला जरा उशीर झाला, एवढंच.

आधी पहिला प्रश्न. मध टिकतो याचं सर्वांत साधं कारण आपल्या स्वयंपाकघरात आहे. मोरांबा का टिकतो? साखरेने पाणी धरून ठेवलेलं असतं म्हणून. मधात साधारण 80 टक्के साखरा असतात, मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज, आणि 17 ते 20 टक्के पाणी. पाणी आहे, पण ते मोकळं नाही. साखरेच्या रेणूंनी त्याला जखडून ठेवलेलं आहे. बहुतेक जिवाणूंना वाढायला जेवढं मोकळं पाणी लागतं, त्याच्या जवळपासही मध जात नाही. उलट मधात पडलेल्या जिवाणूच्याच अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. त्यात मध आम्लधर्मी. त्याचा सामू बहुधा 3.2 ते 4.5च्या दरम्यान असतो. जिभेला गोडवा कळतो, आंबटपणा त्या गोडव्याखाली दडून राहतो.

आता हे पाणी आटवतं कोण? फुलातला मकरंद पातळ असतो. त्यात निम्म्याहून जास्त पाणी असू शकतं. तो घेऊन आलेली माशी पोळ्यातल्या दुसऱ्या माशीच्या तोंडात देते, ती तिसरीच्या. प्रत्येक माशी त्याचा थेंब सोंडेवर ताणून वाऱ्यावर धरते, मग तो कोठीत ठेवते, आणि बाकीच्या पंखांनी वारा घालत बसतात. पाणी पुरेसं उतरलं की त्या कोठीवर मेणाचं झाकण बसतं. झाकण बसलेला मध पक्का, न बसलेला कच्चा. ही खूण मध काढणाऱ्या माणसाला शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे.

पण साखर आणि आम्ल एवढंच असतं तर माझं व्याख्यान इथेच संपलं असतं, आणि जखमेवर साखरेचा पाक लावूनही भागलं असतं. खरी गंमत पुढे आहे. जखम म्हणजे कोरडी बरणी नव्हे. तिथे लस पाझरते, आणि मध त्या लसीत पातळ होतो. पातळ झाला की साखरेची पकड सुटते. मग मधाने हरायला हवं. प्रत्यक्षात अनेक मध नेमके त्याच वेळी जिवाणूंशी जास्त जोराने लढू लागतात.

हे कोडं सुटायला बरीच वर्षं लागली. मधात जिवाणूरोधक गुण आहे, असं व्हान केटेल या डच संशोधकाने 1892मध्ये नोंदवल्याचं सांगतात. 1937मध्ये जर्मनीत डोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अज्ञात द्रव्याला 'इनहिबिन' असं नाव दिलं. नाव मिळालं, पण ते द्रव्य कोणतं हे कळलं नव्हतं. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जोनाथन व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की इनहिबिन म्हणजे दुसरंतिसरं काही नसून हायड्रोजन पेरॉक्साइड. तेच, जे पूर्वी दवाखान्यात जखमेवर ओतलं की फसफसून यायचं.

मधात ते येतं कुठून? माशीच्या डोक्यात काही ग्रंथी असतात. तरुणपणी त्यांतून अळ्यांसाठी पोषक रस तयार होतो. माशी मोठी होऊन मकरंदाच्या कामाला लागली की त्याच ग्रंथी विकरं, म्हणजे एन्झाइम, तयार करू लागतात. त्यांतलं एक म्हणजे ग्लुकोज ऑक्सिडेज. ते ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल बनवतं आणि त्या घडामोडीत हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर पडतं. मधाचा आंबटपणाही मुख्यतः याच ग्लुकोनिक आम्लाचा. पक्व, घट्ट मधात हे विकर जवळजवळ निजलेलं असतं. मधात पाणी शिरलं की ते जागं होतं.

माशीच्या बाजूने पाहिलं तर यात नवल नाही. मकरंद पातळ असतो, पिकायला वेळ लागतो. तोवर तो सांभाळायचा कसा, हा तिचा प्रश्न. आपल्या जखमेसाठी तिने काहीच केलेलं नाही. तिने आपल्या कोठारातलं धान्य राखलं. आपण त्या राखणीचा फायदा उचलतो, एवढंच.

इथे एक हिशोब ध्यानात घेण्यासारखा आहे. पातळ केलेल्या मधात तयार होणारं पेरॉक्साइड दवाखान्यातल्या 3 टक्के द्रावणाच्या मानाने सुमारे हजारपट सौम्य असतं. मग ते काम कसं करतं? आपल्या शेतकऱ्याला हे समजवावं लागणार नाही. दवाखान्यातली बाटली म्हणजे पाटाचं पाणी: एकदम येतं, जिवाणूंबरोबर नव्या पेशींनाही इजा करतं आणि थोड्या वेळात संपतं. मध म्हणजे ठिबक. थेंबथेंब, पण तासन्‌तास.

आता या ठिबकालाही मर्यादा आहे. आपल्या रक्तात आणि ऊतींमध्ये कॅटलेज नावाचं विकर असतं. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. काही जिवाणूंकडेही ते असतं. म्हणून प्रयोगशाळेत आपण मुद्दाम मधात कॅटलेज मिसळतो आणि पाहतो, आता काय उरलं? बहुतेक मधांच्या बाबतीत उत्तर येतं, फारसं काही नाही.

न्यूझीलंडमध्ये वाइकाटो विद्यापीठातले पीटर मोलन हाच प्रयोग करत होते, तेव्हा एक मध वेगळा निघाला. मानुका नावाच्या झुडपाचा. पेरॉक्साइड काढून घेतलं तरी तो जिवाणूंना रोखत होता. त्यामागचं द्रव्य 2008मध्ये सापडलं: मिथाइलग्लायॉक्झाल. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये थॉमस हेन्ले यांच्या गटाने आणि न्यूझीलंडच्या संशोधकांनी ते जवळपास एकाच वेळी दाखवलं. पुढच्याच वर्षी कळलं की ते द्रव्य माशी बनवत नाही. मानुकाच्या मकरंदात डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोन असतं आणि मध साठवणीत मुरत असताना त्याचं हळूहळू मिथाइलग्लायॉक्झाल होतं. म्हणजे तिथे अर्धी लढाई फुलाची. 2010मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी आणखी एक भागीदार समोर आणला: डिफेन्सिन-1, माशीच्या स्वतःच्या रोगप्रतिकारशक्तीतलं एक प्रथिन, जे तिच्या लाळेबरोबर मधात उतरतं.

मानुका हे झुडूप आपल्या जांभळाच्याच कुळातलं आहे. हे सांगितलं की लगेच कोणीतरी विचारतं, "मग आपल्या जांभळाच्या मधातही तो गुण असणार?" कूळ एक म्हणून गुण एक, असं होत नाही. तसं असतं तर वांगं आणि तंबाखू दोन्ही भाजीत घातले असते. महाबळेश्वरच्या जांभळाचा मध, हिरड्याचा मध, आठ वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचा दाट मध, सातपुड्यातला आग्याचा मध, प्रत्येकाची तपासणी वेगळी करावी लागते. एका मधाची जिवाणूरोधक शक्ती दुसऱ्याच्या शंभरपट असू शकते, असं मोलन यांनी नोंदवून ठेवलं आहे.

मी शिकवायचो तेव्हा विद्यार्थ्यांना आपापल्या घरचा मध आणायला सांगायचो. काचेच्या बशीत अगर, म्हणजे जिवाणू वाढवायचं जेलीसारखं माध्यम, ओतायचं, त्यावर पुवाळलेल्या जखमांत सापडणारा स्टॅफिलोकॉकस पसरायचा, अगरमध्ये छोट्या खाचा करून त्यांत पातळ केलेला मध सोडायचा आणि रात्रभर उबेत ठेवायचं. सकाळी काही खाचांभोवती जिवाणू न वाढलेलं स्वच्छ कडं दिसायचं. काहींभोवती अरुंद. आणि काहींभोवती काहीच नाही. जिवाणू खाचेच्या काठापर्यंत येऊन बसलेले. कधी महागातल्या बाटलीला कडं नसायचं आणि आजीच्या बरणीतल्याला असायचं. कधी नेमकं उलटं. कडं न आलेल्या मधाचा माग काढला की बरेचदा एकच कारण हाती लागायचं: तो तापवलेला असायचा. ग्लुकोज ऑक्सिडेजला उष्णता सोसत नाही, आणि उजेडही. मध पातळ आणि चकचकीत दिसावा म्हणून तापवला, नंतर उन्हात दुकानाच्या काचेमागे ठेवला, की गोडवा राहतो आणि राखणदार निघून जातो.

आयुर्वेदाने मध तापवू नये म्हणून सांगितलं, त्याची कारणं त्या शास्त्राच्या भाषेत वेगळी आहेत. मी त्यांच्यावर माझं विकर लादणार नाही. पण सुश्रुताने मधाचे आठ प्रकार मोजले आणि मध व तुपाचा उपयोग व्रण स्वच्छ करायला आणि भरून आणायला सांगितला, हे शल्यशास्त्राच्या इतिहासात नोंदलेलं आहे. इजिप्तमधल्या सुमारे 3600 वर्षांपूर्वीच्या एडविन स्मिथ पपायरसमध्येही जखमेवर चरबी आणि मध बांधायला सांगितलं आहे. एकमेकांपासून इतक्या दूरच्या वैद्यांना एकच गोष्ट सुचते, तेव्हा तिच्याकडे लक्ष द्यायला हवं. पण लक्ष देणं म्हणजे मान डोलावणं नव्हे. लक्ष देणं म्हणजे तपासणं.

आणि ही तपासणी जगात ज्यांनी मोठ्या चिकाटीने केली, त्यांतले एक आपल्या सोलापुरात होते. डॉ. एम. सुब्रह्मण्यम, सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक. 1991मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त त्यांचा एक छोटा लेख आला. वरवर भाजलेले 104 रुग्ण. निम्म्यांच्या जखमांवर मधात भिजवलेलं गॉज, निम्म्यांवर त्या काळी सर्वत्र वापरात असलेलं सिल्व्हर सल्फाडायझिन. मधाच्या गटात 91 टक्के जखमा सात दिवसांत जंतुरहित झाल्या. दुसऱ्या गटात त्याच मुदतीत संसर्ग आटोक्यात आला तो 7 टक्के जखमांत. मधाच्या गटातल्या 87 टक्के जखमा पंधरा दिवसांत भरल्या; दुसऱ्या गटातल्या 10 टक्के.

आता इथे तुमच्यापैकी कोणी टाळ्या वाजवणार असेल, तर जरा थांबा. मी स्वतः हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा आनंदाआधी शंका आली. इतका फरक? औषध आणि औषध यांच्यात एवढी दरी क्वचित दिसते. एकाच ठिकाणचा निकाल इतका देखणा असतो तेव्हा तो दुसऱ्या हातांनी, दुसऱ्या गावात पुन्हा यावा लागतो. हा सोलापूरचा अपमान नव्हे. विज्ञानात आदर व्यक्त करायची रीतच ही आहे.

पण त्याच सर्जनचा मला जास्त मोलाचा वाटतो तो दुसरा लेख, 1999चा. मधावर जवळजवळ दहा वर्षं काम केल्यावर त्यांनी मध्यम प्रमाणात भाजलेल्या रुग्णांत दोन उपचार समोरासमोर ठेवले: मधाची पट्टी, आणि लवकर शस्त्रक्रिया करून जळलेली त्वचा काढून नवी त्वचा लावणं. निष्कर्ष त्यांनी लेखाच्या मथळ्यातच लिहिला: शस्त्रक्रिया सरस. ज्या गोष्टीने आपल्याला नाव मिळवून दिलं, तीच इथे उणी पडते, हे आपल्याच हातांनी छापणं सोपं नसतं. सर असते, तर हा लेख त्यांनी वर्गात वाचून दाखवला असता. उतू गेलेली बाटली कपाटात लपवायची नसते.

2015मध्ये कॉक्रेन संस्थेने अशा 26 चाचण्यांचा आणि 3011 रुग्णांचा एकत्र आढावा घेतला. वरवर ते अर्धवट खोल भाजलेल्या जखमा नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा मधाने चार-पाच दिवस लवकर भरतात, आणि शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमांतही मधाचा उपयोग दिसतो, असं त्यातून निघालं. बाकी बऱ्याच प्रकारच्या जखमांबद्दल ठाम सांगण्याइतका पुरावा मिळाला नाही. आज प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू रुग्णालयांत ठाण मांडून बसले असताना हेही कमी नाही. मध अनेक बाजूंनी एकदम हल्ला करतो, आणि प्रयोगशाळेत मानुका मधाला सरावलेले जिवाणू तयार करायचे प्रयत्न झाले, त्यांतल्या काहींत टिकाऊ प्रतिकार करणारे जिवाणू निपजले नाहीत.

मित्रहो, इथे मला दोन इशारे द्यायचे आहेत आणि ते मी हसत देणार नाही.

पहिला: घरी कोणी भाजलं तर आधी वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं धरा आणि डॉक्टरांकडे जा. बरणीतला मध ओतू नका. जखमांसाठीचा मध वेगळा असतो. गॅमा किरणांनी तो निर्जंतुक केलेला असतो, कारण त्या किरणांनी जिवाणूंचे बीजाणू मरतात आणि मधाचा गुण मात्र टिकतो. तापवून हे साधत नाही.

दुसरा: आपल्याकडे नवजात बाळाला मध चाटवायची जुनी रीत आहे, सोन्याची अंगठी मधात बुडवून. कृपा करून वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका. मध जिवाणूंना रोखतो, पण क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमचे बीजाणू त्यात मरत नाहीत, निजून राहतात. मोठ्या माणसाचं आतडं त्यांना रुजू देत नाही. तान्ह्याच्या आतड्यात ते रुजू शकतात आणि त्यांच्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडतात. ज्या मधाचं आज इतकं कौतुक केलं, तोच मध. दोन्ही वाक्यं एकदम खरी आहेत.

आता सरांचा दुसरा प्रश्न. ती बाटली का उतू गेली?

रानमध म्हटलं की आपण डोळे मिटून 'शुद्ध' म्हणतो. आग्याचं पोळं उंच फांदीला नाहीतर कड्याला एकच मोठा पडदा लटकल्यासारखं असतं. मध असतो वरच्या जाड भागात, फांदीला लागून. खालच्या भागात अंडी, अळ्या आणि परागकण. रात्री धूर करून, घाईघाईत अख्खं पोळं उतरवलं आणि फडक्यात घालून पिळलं की मधाबरोबर अळ्यांचा रस, पराग आणि कच्च्या कोठ्यांतला पातळ मकरंदही येतो. शिवाय आपल्या दमट रानात आग्याच्या मधात पाणी मुळातच जास्त असतं. नियमाची मर्यादा 20 टक्क्यांची. असा मध तिच्या पुढे सहज जातो. तिथे यीस्टला मोकळीक मिळते. मधात वस्तीला असलेली यीस्ट साखरेला सरावलेली, जिवाणूंपेक्षा चिवट. आणि ग्लुकोज ऑक्सिडेज बरंच पाणी मिसळल्यावरच जोमाने चालतं. म्हणजे सरांच्या बाटलीत पाणी यीस्टला पुरेल इतकं होतं, राखणदाराला उठवेल इतकं नव्हतं. त्या फटीतून मध आंबला.

ज्याला रीत कळते तो कोरडे दिवस साधतो, वरचा झाकलेला भाग तेवढा कापतो, खालची पिल्लावळ ठेवतो आणि मध पिळण्याऐवजी गाळतो. मध टिकतो, माश्या मरत नाहीत आणि पुढच्या साली मोहोळ पुन्हा बसायची शक्यता उरते. म्हणजे मधाचा गुण आपल्याला हवा असेल तर तो माशीपासून सुरू होतो, फुलावरून जातो आणि झाडावर चढणाऱ्या माणसाच्या हातात ठरतो. त्या माणसाला किलोमागे चार पैसे जास्त मिळाले तर तो कोरड्या दिवसाची वाट पाहील. नाही मिळाले तर पहिल्या रात्रीच पोळं उतरवेल. प्रयोगशाळेतलं ते स्वच्छ कडं बरंचसं या व्यवहारावर अवलंबून आहे.

बाजाराचं तर विचारू नका. 2020च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने 13 नाममुद्रांच्या 22 नमुन्यांची तपासणी जाहीर केली. 77 टक्के नमुन्यांत साखरेच्या पाकाची भेसळ निघाली. पाकात माशीची लाळ नसते. तो बाटलीत उतूही जात नाही आणि जखमेवर लढतही नाही.

म्हणून कोणी मला विचारतं, "मध औषधी आहे का हो?" तेव्हा मी उलट विचारतो: कुठला मध, कोणी काढलेला, कसा ठेवलेला, आणि कशावर लावायचा? लोकांना वाटतं, प्राध्यापक उत्तर टाळताहेत.

शेवटी बाटलीचं उरलेलं सांगतो. पुढच्या चैत्रात सरांनी तीच बाटली धुऊन, वाळवून पुन्हा भरली. मात्र या वेळी रानात स्वतः गेले. वरचा भाग कापून घेतला, गाळून घेतला आणि बाटलीवर चिठ्ठी चिकटवली: झाड कोणतं, तारीख कोणती, कोणी उतरवला, गाळला की पिळला. जूनमध्ये कपाट उघडलं. बूच जागेवर होतं. फेस नव्हता, मुंग्या नव्हत्या. फक्त तळाशी मध पांढरट, रवाळ होऊन बसला होता. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "सर, यात साखर मिसळलीय!"

सरांनी हसत खडू उचलला आणि फळ्यावर तिसरा प्रश्न लिहिला.